भाकरीतले लोह कुठे जाते?

‘बाई, आम्ही काय खावं ते तुम्ही सांगितलंत. पण आम्ही जे रोज खातो, त्यात काय कमी पडतंय ते सांगा की.’

शाळेच्या पडवीत आम्ही भरवलेल्या स्वयंपाकवर्गाच्या पहिल्याच दिवशी एका आजींनी हा प्रश्न विचारला. आम्ही म्हणजे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका शाळेतले तिघे शिक्षक. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुली प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन बसतात, दुपारच्या तासाला पेंगतात, पायात गोळे येतात म्हणून खेळायला नको म्हणतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत होतो. आरोग्य तपासणीत बहुतेकींच्या नावापुढे ‘रक्त कमी’ असा शेरा पडत असे. शाळेतून दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती कोणी घेत असे, कोणी गुपचूप खिडकीबाहेर टाकत असे. म्हणून आम्ही ठरवले की दर शनिवारी दुपारी मुली आणि त्यांच्या आया यांना एकत्र बसवून पौष्टिक स्वयंपाकाचा वर्ग घ्यायचा.

पहिल्या दिवसाची तयारी आम्ही जोरात केली होती. भिंतीवर चौरस आहाराचा तक्ता लावला. पनीर, सफरचंद, बीट, डाळिंब, सुका मेवा यांची महती सांगितली. बीट घालून पराठे करून दाखवले. बायकांनी ते खाल्ले, छान झालेत म्हणाल्या आणि मग आजींनी वरचा प्रश्न विचारला. त्यांचे खरेच होते. त्या घरी सकाळी चहा आणि शिळी भाकरी, दुपारी बाजरीची भाकरी आणि कोरड्यास, रात्री पुन्हा भाकरी किंवा भात आणि आमटी. यात सफरचंद कुठून यायचे? आणि आले तरी रोज कुठून यायचे?

त्या दिवशी आम्ही तक्ता खाली उतरवला. पुढच्या शनिवारपासून वर्गाचा विषय एकच ठेवला: आपल्याच घरच्या जेवणात लोह किती आहे, आणि ते पोटात गेल्यावर अंगी का लागत नाही?

आधी हिशेब

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे दर दोन स्त्रियांमागे एक, किंबहुना थोडे अधिकच. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर गरोदर नसलेल्या स्त्रीला रक्तक्षय आहे असे मानतात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पण लोहाची कमतरता हे त्यातले मोठे कारण.

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. फुफ्फुसातून घेतलेला प्राणवायू याच लोहाला धरून शरीरभर पोचतो. लोह कमी पडले की प्राणवायूची वाहतूक कमी पडते. दम लागणे, थकवा, चक्कर, अभ्यासात लक्ष न लागणे हे सारे त्यातूनच येते. वाढीच्या वयात रक्त वाढत असते आणि मुलींच्या शरीरातून पाळीबरोबर लोह बाहेरही जाते. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलासाठी रोज २२ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर त्याच वयाच्या मुलीसाठी ३० मिलिग्रॅम.

आता वर्गात फळ्यावर मांडलेला हिशेब पाहा. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला ३०० ग्रॅम बाजरी पोटात गेली, तर १८ मिलिग्रॅम झाले. डाळी, कडधान्ये, पालेभाजी यांचे आणखी काही. म्हणजे बाजरी खाणाऱ्या घरात लोहाचा दुष्काळ नाही. हीच ३०० ग्रॅमची जागा पांढऱ्या सडीक तांदळाने घेतली, तर मात्र जेमतेम २ मिलिग्रॅम मिळते. ‘बाजरी गरिबाची आणि भात पाहुण्याचा’ असे मानणाऱ्या मुलींना हा आकडा पाहून आश्चर्य वाटले.

पण खरी गोम पुढे आहे. धान्य, डाळी आणि भाज्यांमधले लोह शरीर फार थोडे शोषून घेते, साधारणपणे शंभरातले पाच ते दहा भाग. बाकीचे जसेच्या तसे बाहेर जाते. १८ मिलिग्रॅमपैकी ५ टक्के शोषले गेले, तर अंगी लागले ०.९ मिलिग्रॅम. १० टक्के शोषले गेले, तर १.८ मिलिग्रॅम. वाढत्या वयाच्या मुलीला रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह रक्तात उतरावे लागते. म्हणजे धान्य तेच, खर्च तोच; पण शोषण पाच टक्के की दहा टक्के, यावर मुलगी गरजेच्या अलीकडे राहील की पलीकडे जाईल हे ठरते.

मग पाचाचे दहा कसे करायचे? आमचा पुढचा सगळा वर्ग या एका प्रश्नावर चालला.

चहाची शाई

पहिला प्रयोग चहाचा. गावात सकाळी मुलांना चहात बुडवून भाकरी किंवा चपाती देण्याची पद्धत आहे. जेवण झाल्यावर कपभर चहा हाही अनेक घरांचा नेम. त्याने काय होते, ते आम्ही बोलून न सांगता करून दाखवले.

औषधाच्या दुकानातून लोहाची (फेरस सल्फेटची) एक गोळी आणा. तिच्यावरचा रंगीत थर ओल्या फडक्याने पुसून काढा, गोळी कुटून अर्धा पेला पाण्यात ढवळा आणि वरचे निवळ पाणी दुसऱ्या पेल्यात घ्या. आता त्यात बिनदुधाचा, गाळून गार केलेला कोरा चहा ओता. पाहता पाहता पाणी काळे-जांभळे पडते आणि पेला तसाच ठेवला तर आणखी गडद होत जाते. (लोहाच्या गोळ्या जास्त संख्येने पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पाकीट मुलांच्या हाती देऊ नका, आणि प्रयोगाचे पाणी ओतून टाका.)

‘अगं बाई, ही तर शाईच झाली!’ एक मावशी म्हणाल्या. शब्द अगदी नेमका होता. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि हिरड्यात भरपूर टॅनिन. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळे, सहसा न विरघळणारे संयुग बनते. चहात टॅनिनसारखीच द्रव्ये असतात. पेल्यात झाले तेच थोड्याफार प्रमाणात पोटातही होते. लोह चहातल्या द्रव्यांना चिकटून बसते आणि आतड्याच्या अस्तरातून आत जाऊ शकत नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्याने धान्यातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. चहात दूध घातल्याने यातून फारशी सुटका होत नाही.

यावर आम्ही ‘चहा सोडा’ असे म्हटले नाही. म्हटले असते तर पुढच्या शनिवारी पडवी रिकामी राहिली असती. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढेच सांगितले. शेतावर जाताना भाकरी खायची असेल, तर चहा उठल्याउठल्या घ्यावा आणि भाकरी नंतर चटणी-कांद्याबरोबर खावी, हा तोडगा बायकांनीच काढला. लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये, हे वेगळे सांगावे लागले नाही. मुलींनी ते आपणहून ओळखले.

लिंबू आणि आमची एक चूक

लोह अडवणारी द्रव्ये आहेत, तशी त्याला मदत करणारीही आहेत. त्यातले सर्वांत सोपे म्हणजे क जीवनसत्त्व. धान्यातले लोह बहुधा फेरिक रूपात असते आणि त्या रूपात ते आतड्यात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे फेरस रूप करते आणि त्याला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवते. मात्र दोघांची गाठ एकाच जेवणात पडली पाहिजे. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीच्या कामाचा नाही.

क जीवनसत्त्व कशात आहे, हे पाहण्याचा प्रयोग शाळेत सहज करता येतो. भाताची पेज पाण्याने चांगली पातळ करा. तिच्यात टिंक्चर आयोडिनचे किंवा जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. पाणी निळे होईल. हे निळे पाणी सारख्या मापाने चार पेल्यांत घ्या आणि प्रत्येकात वेगवेगळा रस थेंबथेंब टाकून निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजा. जितके कमी थेंब, तितके क जीवनसत्त्व जास्त. (आयोडिनचा रंग घालवणारी इतर द्रव्येही असतात, त्यामुळे ही तुलना ढोबळ समजावी. प्रयोगातले काहीही चाखू नये.)

आम्ही कोबी घेतला होता. एक वाटी कच्चा कोबी पाणी घालून वाटला आणि गाळला. दुसरी वाटी कोबी उघड्या पातेल्यात वीस मिनिटे उकळला. उकळलेल्या कोबीचे पाणी गरमच होते. ते आम्ही निळ्या पेल्यात ओतले आणि रंग झटकन गेला. ‘पाहा, सगळे जीवनसत्त्व भाजीतून निघून पाण्यात आले,’ असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने नुसते गरम पाणी दुसऱ्या पेल्यात ओतून पाहिले. त्याही पेल्यातला रंग गेला! आम्ही गप्प झालो. थोड्या वेळाने पेला गार झाला आणि निळा रंग हळूहळू परत आला. स्टार्च आणि आयोडिन यांचा निळा रंग उष्णतेने जातो, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो आणि ऐन वेळी विसरलो होतो. तुलनेसाठी साध्या पाण्याचा पेला ठेवायला हवा, हा धडा त्या दिवशी आम्हाला एका विद्यार्थिनीने दिला. तेव्हापासून ‘तुम्हाला असं वाटतं, पण साध्या पाण्यानं काय होतं?’ हा प्रश्न आमच्या वर्गाची म्हणच होऊन बसला.

सगळे गार करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. कच्च्या कोबीच्या रसाचे थेंब सर्वांत कमी लागले. उकळलेल्या कोबीला वाटून काढलेल्या रसाचे पुष्कळ जास्त लागले. उकळून ओतून दिलेल्या पाण्यातही थोडे जीवनसत्त्व सापडले. म्हणजे काही भाग उष्णतेने आणि हवेने नष्ट झाला आणि काही आपण मोरीत ओतून देतो.

यातून स्वयंपाकाच्या काही गोष्टी निघाल्या. भाजी चिरून मग धुण्याऐवजी धुऊन मग चिरावी. फार आधी चिरून ठेवू नये. झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात आणि लागेल तेवढाच वेळ शिजवावी. उरलेले पाणी आमटीत घालावे. हरभरे लवकर शिजावेत म्हणून घातलेला खायचा सोडा क जीवनसत्त्व आणि ब गटातले थायमिन दोन्ही नासवतो. रात्रभर भिजवले तर सोड्याची गरज उरत नाही. लिंबू भाजी उकळत असताना पिळण्याऐवजी ताटात पिळावे. लिंबू महाग असेल त्या दिवसांत आवळा, पेरू, कोबीची कोशिंबीर किंवा कच्चा टोमॅटो चालतो. आमच्या भागात टोमॅटोचे भाव पडले की शेतकरी तो रस्त्याकडेला ओतून देतात. त्या दिवसांत तरी प्रत्येक ताटात त्याची कोशिंबीर असावी, असे एक काकू म्हणाल्या, तेव्हा सगळ्या हसल्या. त्या हसण्यात थोडी खंतही होती.

मोड, आंबवण आणि बिडाची कढई

लोह अडवणारे आणखी एक द्रव्य धान्याच्या आणि कडधान्याच्या दाण्यातच असते. त्याला फायटेट म्हणतात. दाणा पुढच्या रोपासाठी फॉस्फरस साठवून ठेवतो, तो या रूपात. हे फायटेट लोहाला आणि जस्तालाही घट्ट धरून ठेवते. पण दाणा भिजला आणि त्याला मोड येऊ लागले की रोपाला त्या साठ्याची गरज पडते. मग दाण्यातलेच फायटेज नावाचे विकर जागे होते आणि फायटेट तोडू लागते. रोपासाठी उघडलेली ही कोठी आपल्याही उपयोगी पडते. शिवाय कोरड्या मटकीत जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते.

पीठ आंबवल्यानेही फायटेट कमी होते. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील आमच्या आज्या करत, ती या दृष्टीने शहाणपणाचीच होती. हे सांगताच ज्यांनी पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता त्या आजी पुढे सरसावल्या आणि पुढच्या शनिवारी त्यांनीच आंबील करून दाखवली. त्या दिवशी आम्ही तिघेही विद्यार्थी होतो. हुलग्याला मोड आणून, वाळवून, दळून त्या पिठाची शेंगोळी करायची, ही कल्पनाही बायकांमधूनच आली.

आता भांड्याकडे वळू. पूर्वी बिडाची किंवा लोखंडाची कढई घरोघर होती. ती जड, गंजणारी, म्हणून माळ्यावर गेली आणि अ‍ॅल्युमिनियमची आली. आंबट आणि पातळ पदार्थ लोखंडी भांड्यात शिजताना भांड्यातले थोडे लोह पदार्थात उतरते. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सफरचंदाच्या आंबट गरातले लोह लोखंडी भांड्यात शिजवल्यावर १०० ग्रॅमला ०.३५ मिलिग्रॅमवरून ७ मिलिग्रॅमच्या वर गेले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही घरांना लोखंडी भांडी दिली होती आणि काहींना अ‍ॅल्युमिनियमची. वर्षभरानंतर लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले आढळले.

तव्यावर भाकरी भाजल्याने मात्र फारसा फरक पडत नाही. भाकरी तव्यावर थोडाच वेळ असते आणि ती कोरडी असते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो घातलेली आमटी, ताकातली पालेभाजी हे कढईत करण्याचे पदार्थ. पदार्थ जरा काळपट होतो आणि भांड्यात ठेवून दिला तर चवही बिघडते. म्हणून शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा. कढई घासून पुसून कोरडी करावी आणि तेलाचा हात फिरवावा. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल, तर मात्र हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्या आजारात शरीरात लोह साठून राहण्याचा धोका असतो.

लाल ते रक्त?

वर्गात एक समज वारंवार पुढे आला. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून त्यांनी रक्त वाढते. पहिल्या दिवशी बिटाचे पराठे करून आम्हीही त्याला खतपाणी घातले होते. बिटाचा रंग बीटालेन गटातल्या रंगद्रव्यांचा. त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. बीट आणि डाळिंब जरूर खावेत, पण १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. गुळाचेही तसेच. त्यात लोह आहे, पण १० ग्रॅमच्या खड्यातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते. गूळ-शेंगदाणे चांगले, पण फक्त गुळावर भिस्त ठेवू नये.

मटण, काळीज, मासे यांतले काही लोह वेगळ्या रूपात असते. ते कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते आणि त्याच जेवणातल्या धान्याच्या लोहालाही हात देते. जे खातात, त्यांनी आठवड्याला थोडेसे खाल्ले तरी उपयोग होतो. वर्गात सर्व प्रकारची घरे होती. म्हणून आम्ही ही माहिती सर्वांना दिली, पण कोण काय खाते हे कोणाला चारचौघांत विचारले नाही.

कढईत काहीच उरत नाही तेव्हा

चौथ्या शनिवारी वर्ग संपता संपता एक ताई म्हणाल्या, ‘बाई, लिंबू पिळीन, मोडबी आणीन. पण माझ्या पोरीच्या ताटात भाजी येतच न्हाई. तिचा बा, तिचे भाऊ जेवून उठले की कढई रिकामी. आम्ही दोघी ठेचा-भाकर खातो.’

कोणीच काही बोलले नाही. पण बऱ्याच जणींच्या माना हलल्या. शोषणाचे पाचाचे दहा टक्के आम्ही करू पाहत होतो, पण मुळात ताटातच काही नसेल, तर दहा टक्के कशाचे? ज्या मुलीला ३० मिलिग्रॅमची गरज आहे, तिला २२ मिलिग्रॅमची गरज असलेल्या भावाच्या मागून उरलेसुरले मिळते. हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. पण रसायनशास्त्र शिकवताना तो टाळून पुढे जाता येत नव्हते.

पाचव्या शनिवारी आम्ही निरोप पाठवला: घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही यावे. मोजकेच आले, पण आले. त्या दिवशी मटकीची उसळ आठवी-नववीच्या मुलग्यांनी केली. शिजल्यावर आम्ही पाच जणांच्या घराची पाच ताटे मांडली आणि एका मुलाला वाढायला सांगितले. त्याने सवयीप्रमाणे पहिली तीन ताटे भरली आणि चौथ्याशी पोचेपर्यंत डाव तळाला खडखडू लागला. मग फळ्यावर प्रत्येकाच्या गरजेचा आकडा लिहिला आणि उसळ पुन्हा कढईत ओतून त्याला पुन्हा वाढायला सांगितले. या वेळी तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. सर्वांनी एकत्र जेवायला बसायचे, आणि ते जमत नसेल तर कोणी जेवायला बसण्याआधी सगळ्यांची भाजी वाट्यांत काढून ठेवायची, एवढाच ठराव त्या दिवशी झाला. तो सगळ्या घरांत पाळला जातो, असा आमचा दावा नाही. काही घरांत पाळला जातो, हे मुली येऊन सांगतात.

स्वयंपाक म्हणजे औषध नव्हे

हेही वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजे. हिमोग्लोबिन फारच खाली गेले असेल, तर लिंबू पिळून ते वर येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या लागतात. आकडीसारखे जंत आतड्यातून रक्त शोषत असतील, पाळीत फार रक्त जात असेल, सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार असेल, तर त्याचा इलाज वेगळा. स्वयंपाकवर्गाचे काम आहे ते गोळीने भरलेली उणीव पुन्हा पडू नये याचे. आमच्या वर्गाने कोणाचे हिमोग्लोबिन किती वाढले, हे आम्ही मोजलेले नाही. त्यामुळे तसे काही सांगतही नाही. गोळी आता खिडकीबाहेर जात नाही, ती का घ्यायची आणि चहाबरोबर का घ्यायची नाही हे मुलींना ठाऊक आहे, आणि काही कढया माळ्यावरून खाली आल्या आहेत, एवढे डोळ्यांनी पाहिले आहे.

तुम्हाला वर्ग घ्यायचा असेल तर

आपल्या शाळेत असा वर्ग घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी.

१. पहिला तास ऐकण्यासाठी ठेवा. गावात काय पिकते, कोणत्या महिन्यात काय स्वस्त असते, सरपण की गॅस, हे आधी समजून घ्या. जो पदार्थ घरी पुन्हा होणार नाही, तो वर्गात करू नका.

२. कांदा काढणीच्या दिवसांत कोणी येणार नाही. वर्गाची वेळ शेतीच्या कामांप्रमाणे ठरवा, शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे.

३. एका दिवशी एकच प्रश्न, एकच प्रयोग आणि एकच पदार्थ घ्या. वाटी, चमचा, पेला हीच मापे वापरा.

४. प्रत्येकीने मूठभर धान्य किंवा कडधान्य आणले की साहित्य जमते. देणगीची वाट पाहू नका.

५. कोणाच्या घरच्या जेवणाला नावे ठेवू नका. ‘चुकतं’ म्हणण्याऐवजी ‘मोजून पाहू’ म्हणा.

६. मुलग्यांना घ्या. त्यांना फक्त चव पाहायला बोलावू नका, चिरायला, शिजवायला आणि वाढायला लावा.

हाच क्रम दुसऱ्या विषयालाही लावता येतो. उदाहरणार्थ, मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभराहून कमी मीठ जावे. घरात मिठाची पिशवी आणली की तिच्यावर तारीख लिहायची आणि ती किती दिवसांनी संपली ते पाहायचे. वजनाला दिवसांनी आणि घरातल्या माणसांनी भागायचे. सातवीच्या मुलांना गणिताचा हा गृहपाठ देता येईल. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ या हिशेबात येत नाही, हे मुलांच्या लक्षात येते का तेही पाहा.

पहिल्या दिवशीचा आहाराचा तक्ता आता आमच्या कपाटात आहे. भिंतीवर त्याच्या जागी मुलींनी केलेला एक कागद आहे. त्यावर घरोघरी जाऊन विचारलेले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत: आज जेवणाबरोबर काय आंबट खाल्ले? चहा किती वेळाने घेतला? तुझ्या वाटीत भाजी होती का?

तिसऱ्या प्रश्नाखालचे रकाने अजून पूर्ण भरलेले नाहीत. तुमच्या वर्गातल्या मुलींना हा प्रश्न विचारून पाहा.